भोर घाटाशेजारी जोव्हीचा चढही मांडा: रेल्वेचा वारसा सांगणाऱ्या सर्वांना खुले पत्र

रेल्वेची प्रदर्शने भरवणाऱ्या, माहितीफलक लिहिणाऱ्या, शाळांतून व्याख्याने देणाऱ्या आणि मराठीत रेल्वेविषयी लेखन करणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

भोर घाटाची गोष्ट सांगताना एक वाक्य हटकून येते: 'एवढ्या चढावर रेल्वे नेण्याचे धाडस तोवर जगात कुणी केले नव्हते.' भोर घाटाबद्दल आम्हाला तुमच्याइतकेच प्रेम आहे, पण हे वाक्य चुकीचे आहे. कर्जत-खंडाळा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी, डिसेंबर १८५३ मध्ये, आजच्या इटलीतल्या तुरिन-जिनोआ मार्गावरच्या जोव्हीच्या चढावरून वाफेची इंजिने गाड्या ओढू लागली होती आणि तो चढ भोर घाटापेक्षा तीव्र होता. भोर घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले, तेव्हा जोव्हीवरची वाहतूक रोजची झाली होती. त्या काळचे रेल्वेविषयक लेखन उघडून पाहा, भोर घाटाची तुलना जोव्हीशीच केलेली सापडते. त्या इंजिनिअरांना जे शेजारी ठेवावेसे वाटले, ते आपण वेगळे का केले? दोन्ही चढ पुन्हा शेजारी मांडावेत, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी लागणारा तपशील या पत्रात देत आहोत.

आधी आकडे. पोन्तेदेचिमो ते बुसाल्ला हा जोव्हीचा चढ सुमारे ९.७ किलोमीटरचा, एकूण चढाई साधारण २७१ मीटर. सरासरी ३६ ला १ (३६ मीटर पुढे गेले की १ मीटर वर), सर्वात तीव्र जागी हजारी ३५ (हजार मीटरला ३५ मीटर वर), म्हणजे जवळजवळ २९ ला १. भोर घाट सुमारे २५.४ किलोमीटरचा, चढाई १,८३१ फूट म्हणजे ५५८ मीटर, सरासरी ४६ ला १, सर्वात तीव्र ३७ ला १, म्हणजे हजारी २७. लांबी आणि एकूण उंची या दोन्हींत भोर घाट मोठा, तीव्रतेत जोव्ही मोठा. दोघांचाही मान राहील अशी खरी मांडणी हीच आहे. इथे एका गोष्टीची काळजी घ्या. इटलीत चढ 'हजारी' मोजतात आणि आपल्याकडे 'अमुकला एक' असा सांगतात. पहिल्या पद्धतीत आकडा वाढला की चढ तीव्र होतो, दुसरीत आकडा वाढला की सौम्य होतो. दोन पद्धती एकाच फलकावर आल्या की वाचणारा हमखास उलटे समजतो. एकच पद्धत ठरवा आणि दुसरी कंसात द्या.

आता मार्गाकडे. १८४० च्या दशकात 'इटली' नावाचे राज्यच नव्हते, ते १८६१ मध्ये झाले. हा मार्ग सार्डिनियाच्या राज्याने बांधला. त्या राज्याची राजधानी तुरिन डोंगरापलीकडच्या सपाटीवर, तर १८१५ मध्ये हाती आलेले जिनोआ हे बंदर समुद्रकाठी, आणि दोघांच्या मध्ये अपेनाइन्स पर्वत. मराठी वाचकाला हा भूगोल समजावून सांगावा लागत नाही. बुसाल्लाकडून उत्तरेला स्क्रिव्हिया नदीच्या खोऱ्यातून जमीन हळूहळू उतरत सपाटीला मिळते, दक्षिणेला मात्र पोल्चेव्हेराच्या खोऱ्यात ती एकदम कोसळते. एका अंगाला देश, दुसऱ्या अंगाला कोकण. बुसाल्ला म्हणजे तिथले खंडाळे आणि पोन्तेदेचिमो म्हणजे तिथले कर्जत, असे सांगितले की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभे राहते. पोन्तेदेचिमो या नावातच दहाव्या मैलावरचा पूल आहे, रोमन काळच्या मोजणीचा.

सुरुवातीला जिनोआच्या खासगी मंडळींनी हा मार्ग बांधायचा म्हणून हालचाल केली आणि ब्रिटिश इंजिनिअर इसम्बार्ड ब्रुनेलचाही सल्ला घेतला गेला. १८४५ मध्ये राजा कार्लो आल्बेर्तोने काम सरकारनेच करायचे ठरवले. तुरिन ते मोंकालिएरी हा आठ किलोमीटरचा पहिला तुकडा सप्टेंबर १८४८ मध्ये उघडला. १८४९ मध्ये गाडी आस्तीला पोहोचली, पुढे अलेस्सांद्रिया, नोव्ही, अर्क्वाता असे करत १८५३ च्या सुरुवातीला बुसाल्लाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी जिनोआला. राजा व्हित्तोरियो एमान्युएले दुसरा याच्या उपस्थितीत मोठा समारंभ झाला तो फेब्रुवारी १८५४ मध्ये. म्हणून काही ठिकाणी १८५३ आणि काही ठिकाणी १८५४ लिहिलेले आढळते. दोन्ही बरोबर आहेत. एक वाहतुकीचे वर्ष, दुसरे समारंभाचे. सपाटीवरच्या कामात सांगण्याजोगे फार नाही, त्यामुळे फलकावरची जागा तिथे घालवू नका. सगळा कस लागला तो शेवटच्या त्या दहा किलोमीटरवर.

तिथे प्रश्न असा होता की, चढावर गाडी ओढायची कशाने? १८४० च्या दशकात याचे रूढ उत्तर दोर हे होते. बेल्जियन इंजिनिअर ऑन्री मॉस याने लिएझजवळच्या तीव्र उतारावर वर बसवलेल्या स्थिर इंजिनाने आणि दोराने गाड्या ओढण्याची व्यवस्था १८४२ मध्ये यशस्वी करून दाखवली होती. त्यालाच सार्डिनियाच्या राज्याने बोलावून घेतले. जोव्हीवरही दोरच लावायचा आणि तो पाण्याच्या जोरावर फिरवायचा असा त्याचा बेत होता. दोराला मर्यादा असतात. चढ शक्यतो सरळ रेषेत हवा, एका वेळी एकच फेरी होते, वळणांवर दोराला आधार देणाऱ्या चाकांची झीज होते, आणि एकदा दोर तुटला की सगळा मार्ग बंद. बंदराचा वाढता माल यातून कसा निघणार?

जोव्हीचा चढ तयार होईपर्यंत इंजिने बरीच सुधारली होती. ऑस्ट्रियात सेमरिंगच्या चढासाठी १८५१ मध्ये इंजिनांची स्पर्धा झाली होती आणि हजारी २५ च्या चढावर नुसत्या चाकांच्या पकडीवर गाडी चढते हे तिथे सिद्ध झाले होते. सेमरिंगचा मार्ग १८५४ मध्ये उघडला, म्हणजे जोव्हीच्या मागाहून आणि जोव्हीपेक्षा सौम्य चढाचा. तरी जगभर नाव सेमरिंगचे झाले. जोव्हीवरचा हा अन्याय फक्त मराठीतलाच आहे असे नाही.

दोर बाजूला पडले आणि न्यूकॅसलच्या रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्याची जोड-इंजिने आली. इटालियन रेल्वेत त्यांना 'जोव्हीचे मास्तोदोन्ती' म्हणतात. मॅस्टोडॉन हा हत्तीसारखा एक लुप्त झालेला अवाढव्य प्राणी, त्यावरून हे नाव. चित्रात पाहून बरेच जण याला एकच लांब इंजिन समजतात. ती दोन इंजिने आहेत. प्रत्येकाला दोनच आस (समोरासमोरची दोन चाके जोडणारा दांडा), दोन्ही आस जोडदांड्यांनी एकत्र बांधलेले, पाणी आणि कोळसा इंजिनावरच, मागे टेंडर म्हणजे कोळशा-पाण्याचा वेगळा डबा नाही. अशी दोन इंजिने पाठीला पाठ लावून कायमची जोडलेली.

ही रचना का केली हे समजले की अर्धा जोव्ही समजला. इंजिन किती ओढेल हे बॉयलरच्या ताकदीआधी चाकांवरच्या वजनावर ठरते. टेंडरचे वजन फिरत्या चाकांवर पडत नाही, म्हणजे चढावर ते नुसते ओझे. म्हणून टेंडर काढून टाकले आणि पाण्याचे वजनही चाकांवर घेतले. चार फिरते आस एकाच ताठ चौकटीत बसवले असते तर घाटातल्या वळणांवर चाकांच्या कडा रुळाला घासल्या असत्या. आस कमी करून प्रत्येकावर वजन वाढवले असते तर त्या काळच्या लोखंडी रुळांना ते सोसले नसते. म्हणून दोन आखूड चौकटी, मध्ये हलणारी जोडणी आणि सगळे वजन चार आसांवर वाटलेले.

फलकावर हा हिशेब जरूर द्या, नववीचा विद्यार्थीही तो करू शकतो. जोडीचे वजन ५५ टन धरा. कोरड्या रुळावर चाकांची पकड वजनाच्या सातव्या हिश्शाइतकी मिळते असे समजले, तर ओढ साधारण ७,९०० किलो. हजारी ३५ च्या चढावर प्रत्येक टनामागे ३५ किलो चढाचे आणि सुमारे ५ किलो चाकांच्या घर्षणाचे, असे ४० किलो लागतात. ७,९०० ला ४० ने भागले की १९७ टन येतात. त्यातले ५५ टन इंजिनांचेच, म्हणजे मागे जेमतेम १४० टन. आता बोगद्यात शिरा. रूळ ओले, त्यावर काजळी आणि तेल. पकड दहाव्या हिश्शावर येते, ओढ ५,५०० किलो, आणि मागचे वजन उरते ८२ टन. बॉयलरमध्ये वाफ पुरेपूर असते, पण चाके जागच्या जागी गरगरतात. अशा वेळी चाकांपुढे वाळू सोडतात, तीही कोरडी असेल तरच नळीतून उतरते, ओलसर वाळूचे नळीतच डिखळ होते. वरून टाकीतले पाणी खर्च होत जाते तसे इंजिन हलके होते, म्हणजे बोगद्यात शिरेपर्यंत पकड आणखी थोडी कमी झालेली असते. हाच हिशेब भोर घाटाच्या हजारी २७ ला लावून पाहा. कोरड्या रुळावर तेच जोड-इंजिन सुमारे १९० टन ओढेल. हजारी आठाच्या फरकाने पन्नास टनांचा फरक पडतो.

जोडीच्या मधल्या जागेचे एक मोठे चित्र किंवा प्रतिकृती करता आली तर अवश्य करा. पाठीला पाठ म्हणजे दोन्ही भट्ट्यांची दारे समोरासमोर. माणसे उभी राहतात ती या दोन दारांच्या मध्ये. एक फायरमन एका भट्टीत फावडे घालतो तेव्हा दुसरी भट्टी त्याच्या पाठीवर आग ओकत असते. सपाटीवर वाऱ्याने निभावते, बोगद्यात वारा नसतो.

आणि जोव्हीचा बोगदा लहान नव्हता. तो सुमारे सव्वातीन किलोमीटरचा, तेव्हाच्या मानाने फार लांब. खडक म्हणजे मातकट, पापुद्र्यांचा शिस्ट. पाणी लागले की फुगणारा आणि आधार काढला की दाबत येणारा. असा खडक सुटा ठेवता येत नाही, त्याला दगडविटांचे अस्तर करावे लागते. डोंगराच्या माथ्यावरून उभ्या विहिरी खणून मधूनही काम चालवले होते, म्हणजे दोन्ही तोंडांखेरीज आतल्या आतही कामाच्या जागा मिळाल्या. पण खरी खोच बोगद्याच्या चढात आहे. बोगद्यातही चढ संपत नाही, आणि एका बाजूला चढत गेलेला बोगदा धुराड्यासारखा वागतो. खालच्या दरीतून, समुद्राच्या बाजूने, वारा वर येत असेल आणि गाडीही तेवढ्याच धिम्या वेगाने चढत असेल, तर इंजिनाचा धूर मागे पडत नाही, गाडीबरोबरच चालत राहतो. गाडी जितकी जड, वेग तितका कमी, भट्टी तितकी पेटती आणि धूर तितका दाट. मागून ढकलणारे इंजिन असेल तर त्यावरची माणसे पुढच्या इंजिनाचा धूर घेत जातात.

ऑगस्ट १८९८ मध्ये नेमके हेच झाले. चढणाऱ्या मालगाडीच्या इंजिनांवरची माणसे बोगद्यात धुराने बेशुद्ध पडली, गाडी मागे घरंगळत उताराला लागली आणि चढाच्या मधल्या पियानो ओरिझ्झोन्ताले स्थानकात दुसऱ्या गाडीवर आदळली. माणसे दगावली. या स्थानकाच्या नावाचा अर्थच 'सपाट जागा'. चढ मध्येच मोडून गाड्या उभ्या करता याव्यात म्हणून ठेवलेली सपाटी. ही घटना सांगताना घाई करू नका. बोगद्यांत हवा खेळती ठेवण्याचा प्रश्न किती जिवावरचा होता हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? त्या काळी इटालियन इंजिनिअर मार्को साक्कार्दो याने तयार केलेली पद्धत वापरात येत होती. बोगद्याच्या तोंडाभोवती कड्यासारखी पोकळी बांधायची आणि मोठ्या पंख्याने तिच्यातून हवेचा झोत आत सोडायचा. तोंडाला दार लागत नाही, त्यामुळे गाडीची वाट अडत नाही. इटलीतल्या धुराने गच्च होणाऱ्या बोगद्यांवर ती बसवली गेली.

त्याआधी १८८९ मध्ये दुसरा मार्ग बांधून झाला होता. लांबून वळसा घेणारा, सौम्य, जास्तीत जास्त हजारी १६ चा, आणि त्यावर ८,२९७ मीटरचा रोन्कोचा बोगदा. लेखांत सर्वात जास्त घोटाळा इथे होतो. सव्वातीन किलोमीटरचा जोव्ही बोगदा आणि सव्वाआठ किलोमीटरचा रोन्को बोगदा हे दोन वेगळ्या मार्गांवरचे आहेत. जुना मार्ग १८५३ चा, नवा १८८९ चा. एकाची लांबी दुसऱ्याच्या वर्षाला जोडलेली दिसली की लिहिणाऱ्याने नकाशा पाहिलेला नाही हे ओळखावे.

जोव्हीवर वीज आली १९१० मध्ये, तीही तीन-फेज. डोक्यावर दोन तारा, तिसरी फेज रुळातून, दाब ३,००० व्होल्टच्या आसपास. हंगेरियन इंजिनिअर काल्मान कांदो याने आराखडा केलेली ई-५५० ही इंजिने, पाच जोडलेले आस, सुमारे ६० टन वजन. एक पुढे आणि एक मागे अशा दोन इंजिनांनी ३८० टनांची गाडी हजारी ३५ वर ताशी ४५ ते ५० किलोमीटरने चढू लागली. वाफेच्या हिशेबाशी ताडून पाहा. ही मोटर वेग ठरवून ठेवते. उतारावर गाडी त्या वेगापेक्षा जोरात जाऊ लागली की मोटर आपोआप वीज निर्माण करू लागते आणि गाडी आवरली जाते. उतरणाऱ्या गाडीची वीज चढणाऱ्या गाडीला मिळते, आणि ब्रेकचे ठोकळे तापत नाहीत. दोष कुठे होता? दोन इंजिने एकत्र लावायची तर चाकांचा व्यास जुळलाच पाहिजे. एकाची चाके जास्त झिजलेली असली तर ठरलेल्या फेऱ्यांत ती कमी अंतर कापतात, मग मोठ्या चाकांचे इंजिन जास्त ओझे घेते आणि तापते. सांध्यांवर, जिथे रूळ फुटतात, तिथे दोन तारा एकमेकींना न शिवता ओलांडायच्या म्हणजे आणखी डोकेदुखी. १९६० च्या दशकात ही पद्धत जाऊन ३,००० व्होल्टची डीसी वीज आली. ई-५५० चे एक इंजिन मिलानच्या विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. आपल्या घाटातल्या विजेवर चालणाऱ्या जुन्या 'खेकडा' इंजिनांची ओळख करून देताना हे त्याच कामाचे जुने भावंड म्हणून जरूर दाखवा.

आणखी काही चुका टाळायच्या. इटलीतली पहिली रेल्वे ही नव्हे. तो मान नेपल्स-पोर्तिचीचा, ३ ऑक्टोबर १८३९ चा, आणि तो मार्ग किनाऱ्याने सपाटीवरून जातो. दुसरे, ग्रांदिस, ग्रात्तोनी आणि सोमेइये या तिघा इंजिनिअरांचे नाव फक्त आल्प्समधल्या फ्रेज्यूस बोगद्याशी जोडतात. पाण्याच्या दाबाने हवा दाबण्याचे त्यांचे यंत्र आधी जोव्हीवर गाड्या वर चढवण्यासाठी सुचवले होते. इंजिनांनी ते काम उरकल्यावर दाबलेली हवा फ्रेज्यूसच्या खणाईला लागली. तिसरे, मुंबईची टपाल. १८७१ मध्ये फ्रेज्यूस उघडल्यावर लंडनहून इटलीतल्या ब्रिंदिसी बंदरामार्गे मुंबईला येणारी टपाल तुरिन ते अलेस्सांद्रिया या मार्गावरून जात असे. हा धागा खरा आहे आणि सांगण्याजोगा आहे, पण ती टपाल अलेस्सांद्रियाहून पूर्वेला वळे. जोव्हीचा चढ तिने पाहिला नाही. मोहापायी ती घाटावर चढवू नका.

फलक असा करावा. दोन्ही चढांचे उभे छेद एकाच कागदावर, एकाच प्रमाणात काढा. आडवे १ सेंटीमीटरला ५०० मीटर, उभे १ सेंटीमीटरला ५० मीटर. जोव्ही साडेएकोणीस सेंटीमीटर लांब आणि सुमारे साडेपाच उंच येईल, भोर घाट एक्कावन्न लांब आणि सव्वाअकरा उंच. उंची दहापट वाढवून दाखवली आहे हे चित्राखाली ठळक लिहा, नाहीतर मुले घरी जाऊन भिंतीएवढा चढ सांगतील. जोव्हीच्या छेदावर बोगदा आणि पियानो ओरिझ्झोन्ताले, भोर घाटाच्या छेदावर १९२९ पर्यंत गाडीची दिशा उलटवणारे जुने स्थानक दाखवा.

फलकापुढे एक टेबल ठेवा. त्यावर एक मीटर लांबीच्या दोन फळ्या, दोन्हींवर खेळण्यातल्या गाडीचे रूळ ठोकलेले. एका फळीचे टोक साडेतीन सेंटीमीटर उचललेले, ती जोव्ही. दुसरीचे दोन सेंटीमीटर सात मिलिमीटर, तो भोर घाट. दोन्हींवर सारखीच खेळण्यातली वाघीण (मालडबा) ठेवून सोडून द्या. नंतर रुळांवर तेलाचे बोट फिरवा आणि मुलांना चावीचे इंजिन वर चढवायला सांगा.

आपले,
रेल्वेच्या इतिहासाचे काही अभ्यासक